इंजिन थंड होईपर्यंत

मिस्त्रीने बॉनेटवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला.

"गाडी तापवून ठेवलीय," तो म्हणाला.

"छे हो!" दलाल हसला. "सकाळी धुवायला काढली होती, जरा पुढे-मागे केली, एवढंच."

"धुवायला दहा पावलं न्यावी लागते. दहा पावलांत एवढं मोठं इंजिन तापत नाही." मिस्त्रीने खिशातलं फडकं काढून हात पुसला. "किल्ली माझ्याकडे द्या. दोन तास हिला कुणी हात लावायचा नाही. गार झाली की मी सांगेन तेव्हा स्टार्ट मारायची."

"दोन तास?"

"डिझेल आहे. गरम असताना सगळ्याच गुणी असतात."

डॉक्टरबाईंना हे फार आवडलं. एकोणीस वर्षं त्यांची जीप या माणसाच्या हाताखालून जात होती. माणूस तिरसट, दोन शब्दांत काम भागत असेल तर तिसरा वापरायचा नाही, पण इंजिनाच्या बाबतीत कुणाच्या बापाला ऐकायचा नाही. जुन्या गाडीचा सौदा करताना असा एक माणूस बरोबर असलेला बरा. नाहीतर हे दलाल लोक शेंडी लावतात आणि वर ती तुम्हाला किती शोभून दिसते तेही सांगतात.

पत्र्याच्या शेडखाली दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षीच्या, दोन्ही गडद हिरव्या. चारही चाकांना जोर, कातडी सीट, आणि रस्ता कसाही असला तरी आतल्या माणसाला हिसका बसू न देणारं हवेचं सस्पेन्शन. आठ वर्षांपूर्वी ज्यांनी त्या नव्या घेतल्या असतील त्यांनी त्यांना चिखल कधी दाखवला नसेल. एक डिझेल, एक पेट्रोल. फरक तेवढाच, आणि बाईंच्या घरात तीन आठवडे जी धुसफूस चालली होती ती तेवढ्याच फरकावरून.

आता गुरांच्या डॉक्टरला अशी आलिशान गाडी कशाला, असं विचारणारे कमी नव्हते. नाकापेक्षा मोती जड, असं बाईंच्या दवाखान्याशेजारचा औषधवाला तोंडावर म्हणाला होता. पण त्याचे मणके शाबूत होते. बाईंच्या कंबरेतले दोन सरकले होते. सव्वीस वर्षं डोंगरावरच्या वस्त्यांमधून जीप हाकायची, गोठ्यात वाकायचं, अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवायचं, आणि पुन्हा त्याच जीपमध्ये बसून हाडं खिळखिळी करत खाली यायचं. हाडांच्या डॉक्टरने फोटो उजेडासमोर धरून सांगितलं होतं, "एक तर ती जीप सोडा, नाहीतर तो डोंगर सोडा." बाईंनी जीप सोडायचं ठरवलं.

आणि ठरवलं म्हणजे ठरवलं. गाडी मऊ हवी, डोंगर चढणारी हवी, आणि डिझेल हवी. वर कुठेही पेट्रोल पंप नव्हता, पण ट्रॅक्टरमुळे प्रत्येक गोठ्यात डिझेलचा एखादा कॅन असायचाच. अडल्या वेळी कुणीही दहा लिटर ओतून दिलं असतं.

मास्तरांचं मत नेमकं उलटं. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, सडपातळ, शर्टाच्या खिशाला अजून पेन लावणारे. "पेट्रोल घे," ते तीन आठवडे म्हणत होते. "आवाज नाही, धूर नाही. तुझं काम आता सगळं खालीच असतं." लेकीचा फोन आला की तीही तेच वाचून दाखवल्यासारखं सांगायची, "आई, गावात फिरवायला डिझेल म्हणजे डोकेदुखी." बापलेकींचं आधी ठरलेलं असणार, हे बाईंना कळत होतं. दोघं गाडीबद्दल बोलतच नव्हती. बाईंनी आता डोंगर सोडावा, दवाखान्यात बसून कुत्र्या-मांजरांना सुया टोचाव्यात, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते सरळ सांगायची छाती नव्हती म्हणून बिचाऱ्या पेट्रोलला पुढे केलं होतं.

दलालाने शेडच्या सावलीत तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या, चहा मागवला आणि स्वतः ऑफिसात जाऊन बसला. मास्तर पेट्रोलच्या गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"ही बघ, हिच्या दारांचा आवाजसुद्धा येत नाही," ते म्हणाले.

"दुसरीच्याही येत नाही. दारं सारखीच आहेत."

"मी आपलं सांगितलं."

"तुम्ही आपलं तीन आठवडे सांगताय."

मिस्त्री चहा फुंकत गप्प बसला होता. नवरा-बायकोच्या मध्ये पडायचं नाही, हा त्याच्या धंद्याचा पहिला नियम होता. पण कप खाली ठेवल्यावर त्याने विचारलं,

"बाई, रोजचं किती चालवणं होतं तुमचं?"

"साठ-सत्तर कुठे गेले नाहीत."

"असं?"

"का?"

"डिझेलचं एक असतं. हिच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी असते. गाडी लांब पळाली, चांगली तापली, की ती काजळी आपोआप जळून जाते. पण रोज दोन-चार किलोमीटर नेली आणि बंद केली, पुन्हा नेली आणि बंद केली, की जाळी तुंबत जाते. मग गाडी धापा टाकते. मग माझ्याकडे येते. मग तुम्ही मला शिव्या देता." त्याने बाईंकडे पाहिलं. "म्हणून विचारलं. वाटतं ते सांगू नका, खरं सांगा. पेट्रोलला हे काही नसतं. ती दूध आणायला नेली तरी कुरकुरत नाही."

"खरंच सांगतेय. सव्वीस वर्षं त्याच रस्त्यावर आहे मी."

मिस्त्री उठला आणि फाटकापाशी उभ्या असलेल्या बाईंच्या जीपकडे गेला. त्याची एक जुनी पद्धत होती. गाडीचं तेल बदललं की तो दाराच्या आतल्या चौकटीवर एक छोटा कागद चिकटवायचा. त्यावर तारीख आणि मीटरचा आकडा. पुढच्या वेळी नवा कागद जुन्याच्याच डोक्यावर बसायचा. जुना काढून टाकायचा त्याला कंटाळा होता. त्यामुळे त्या जागी कागदांची बोटभर जाड गड्डी झाली होती. बाई त्याच्या मागोमाग गेल्या. मास्तरही उठले.

"अहो मिस्त्री, उन्हात कशाला उगीच," मास्तर म्हणाले. "जीप तर आता काढूनच टाकायची आहे."

मिस्त्रीने नखाने गड्डीची कड उचलली आणि एकेक कागद सोलून बॉनेटवर ओळीने मांडला.

"हे बघा. आठ हजार किलोमीटर झाले की मी तेल बदलतो. हा कागद आणि हा कागद, मध्ये चार महिने. हा आणि हा, चार महिने. म्हणजे साठ-सत्तर, बरोबर बोलताय. आता हा बघा. इथून इथे यायला सात महिने लागले. आणि हा शेवटचा. याला तेरा महिने झाले." त्याने वाकून मीटर पाहिला. "आणि अजून आठ हजार झालेले नाहीत. सहा हजार तीनशे. म्हणजे रोजचे किती होतात?"

बाईंना पहिल्यांदा जाणवलं ते हेच. मास्तर गप्प होते. दुकानदाराने कॅल्क्युलेटरला हात घालायच्या आत मास्तर उत्तर सांगायचे. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही कुणी आकडा उच्चारला की त्यांच्या तोंडून उत्तर निघायचंच. शिंक यावी तसं ते व्हायचं. आणि आज एवढा सोपा भागाकार समोर पडलेला असताना ते मूग गिळून फाटकाकडे बघत होते.

"सोळा," बाईंनी स्वतःच हिशेब करून सांगितलं. "रोजचे सोळा."

"सोळा किलोमीटरला डिझेल घेऊ नका," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही वर जाणं सोडलंत हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मला नवल वाटत होतं की डिझेलचा हट्ट कशाला."

"कोण म्हणतं मी वर जाणं सोडलं?"

"म्हणजे…" मिस्त्री थांबला.

"वर आता सरकारी डॉक्टर जातो. त्यामुळे तिकडचे फोन कमी झालेत. सोडलं कुठे?"

"वर कुणी डॉक्टर जात नाही, बाई. माझी सासुरवाडी आहे तिथे. थंडीच्या सुरुवातीला मेहुण्याची गाय अडली. दोन दिवस अडून होती. वासरू आडवं. त्याने तुम्हाला फोन केला होता. बाई आता डोंगरावर येत नाहीत, असं सांगितलं त्याला."

"कुणी सांगितलं?"

मिस्त्रीने बॉनेटवरचा एक कागद उचलला, पाहिला, पुन्हा ठेवला. आपण कशात हात घातला हे आता त्याला कळलं होतं, आणि तो कसा काढून घ्यावा हे कळत नव्हतं.

"फोन तुमच्याच घरी लागला होता," तो म्हणाला. "गाय गेली. मी जरा त्या दोघींचे टायर बघून घेतो."

तो गेला. बाई जीपच्या दाराला धरून उभ्या राहिल्या. हात गोठ्यात गुंतलेला असताना फोन कोण घेणार, म्हणून मास्तर निवृत्त झाल्यापासून बाईंचा कामाचा फोन त्यांच्याकडे असायचा. कुणाची गाय, कुठली वस्ती, किती घाईचं, ते सगळं मास्तर सुवाच्य अक्षरात लिहून ठेवायचे. मास्तर म्हणजे माझं ऑफिस आहे, असं बाई चारचौघांत कौतुकाने सांगायच्या. किती वेळा सांगितलं असेल!

त्यांनी वळून पाहिलं तर मास्तर तिथे नव्हते. ते पेट्रोलच्या गाडीत, पुढच्या सीटवर, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. बाई दुसऱ्या बाजूने आत जाऊन बसल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. दाराचा खरंच आवाज आला नाही. बाहेरचं सगळं एकदम बंद झालं.

"वर सरकारी डॉक्टर जातो, हे कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"मग?"

"मीच सांगितलं. तुला."

"कधीपासून चाललंय हे?"

"वीस महिने झाले."

बाईंनी श्वास घेतला. त्यांना ओरडायचं होतं, पण त्या बंद काचांच्या आत ओरडणं कुणालाच ऐकू गेलं नसतं, आणि ज्याला ऐकू गेलं असतं तो आधीच मान खाली घालून बसला होता.

"का?"

मास्तरांनी समोरच्या काचेवरून बोट फिरवलं. धूळ नव्हतीच तिथे.

"तू मेंढ्यांना लस टोचून आली होतीस. दोनशे मेंढ्या. घरी आलीस, जिना चढायला लागलीस. वरच्या चार पायऱ्या तू रांगत गेलीस. हातापायांवर. मी खाली उभा होतो. तू वळून पाहिलं नाहीस, म्हणून मीही हाक मारली नाही. तुला आवडलं नसतं मी बघितलेलं."

तो दिवस त्यांना आठवत होता. कुणी पाहिलं नाही, असं त्यांना आजवर वाटत होतं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. तू आंघोळीला गेली होतीस. मी म्हणालो, बाई येणार नाहीत. पहिल्यांदा जीभ जड झाली. चौथ्या-पाचव्यांदा होईनाशी झाली."

"मला विचारावंसं वाटलं नाही?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!"

"मग विचारून काय उपयोग होता?"

"पाठ माझी आहे, मास्तर."

"तुझीच आहे. पण ती धरते तेव्हा तुझ्या पायांखाली उशी सरकवायला मी उठतो. तू दात आवळून पडून राहतेस आणि मला वाटतं, आता हिला काही झालं तर…"

ते खरं होतं. पण ते खरं आहे म्हणून बाईंचा राग गुंजभरही कमी झाला नाही. सव्वीस वर्षं ज्या दारांत त्या गेल्या होत्या, जिथे पोरांच्या नावांआधी त्यांना गाईंची नावं ठाऊक होती, त्या सगळ्या घरांना वाटत होतं की बाईंनी आपल्याला वाऱ्यावर सोडलं. तो मेहुणा दोन दिवस गोठ्यात बसला असेल. वासरू आडवं असलं तर काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. बाईंना ठाऊक होतं. वीस मिनिटांचं काम होतं ते.

आणि त्या रागाच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, जे बाईंना जास्त टोचत होतं. हे वीस महिने त्या सुखाने झोपल्या होत्या. सकाळी गॅलरीत बसून दोन कप चहा पीत होत्या. फोन कमी वाजतो हे कळत होतं, आणि बरंही वाटत होतं. सरकारी डॉक्टर कोण, कुठला, त्याचं नाव काय, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तसं ते होतं, आणि बाईंनी तो कळसा शोधायचा प्रयत्नही केला नव्हता.

"किती फोन?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी पुन्हा काचेवर बोट टेकवलं.

"तुम्ही मोजले नसतील असं मला सांगू नका."

"चौऱ्याण्णव," मास्तर म्हणाले. "घरं एकतीस. काहींनी तीन-तीनदा केले."

"कशाला मोजलेत?"

"कधीतरी सांगावं लागेल असं वाटत होतं."

"आणि सांगितलं कुणी, तर मिस्त्रीने."

मास्तरांनी चष्मा काढला. पुसायला काही सापडेना म्हणून तो तसाच हातात धरला. त्यांचे डोळे ओले झाले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. बाईंना त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली. त्यांनी दोन्ही केलं नाही. दार उघडून त्या बाहेर आल्या. कंबर नेहमीसारखी करकरली. त्यांनी ती दोन्ही हातांनी दाबली आणि ताठ उभ्या राहिल्या.

दोन तास होत आले होते. मिस्त्रीचे एव्हाना आठही टायर बघून झाले होते आणि तो डिझेलच्या बॉनेटवर पुन्हा हात ठेवून उभा होता.

"गार झाली," तो म्हणाला. मग बाईंकडे न बघता, "बाई, माझं चुकलं. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे."

"तुमचं काही चुकलं नाही. काय करायचं सांगा."

"ही घ्या किल्ली. आत बसा. ब्रेक दाबा. समोर पिवळी खूण दिसेल, ती गेली की मगच बटण."

बाई बसल्या. सीटने कंबर अलगद झेलली, आणि एवढ्या सगळ्यातही क्षणभर त्यांना बरं वाटलं. खूण गेली. त्यांनी बटण दाबलं. इंजिन दोनदा खोकलं आणि धरलं. मिस्त्री मागे उकिडवा बसून धूर बघत होता. आधी पांढरा झोत आला, मग तो निवळला. त्याने धुराड्याला फडकं लावून पाहिलं, बॉनेटखाली डोकं घातलं, कान लावला, आणि शेवटी स्टिअरिंगखाली आपलं छोटं यंत्र जोडून आकडे वाचले.

"इंजिन खणखणीत आहे. जाळी मात्र निम्म्याच्या वर तुंबलीय. आधीच्या मालकाने हिला शाळा आणि बाजार एवढंच फिरवलंय. तो दुसरा पिवळा दिवा बघा, अजून पेटलेला, तो त्याचाच." तो सरळ उभा राहिला. "आता एकच सांगा, बाई. मी तुम्हाला गाडी सोळा किलोमीटरच्या हिशेबाने सांगू की सत्तरच्या?"

"सत्तरच्या," बाई म्हणाल्या. "आजपासून."

"मग हिला चढावर न्या. चाळीस मिनिटं, मध्ये न थांबता, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोन हजारांच्या खाली येऊ द्यायचा नाही. दिवा विझला तर डोळे मिटून विकत घ्या. नाही विझला तर परत आणा, मग पुढचं बघू."

दलाल ऑफिसातून धावतच आला. "चाळीस मिनिटं? अहो, ट्रायल म्हणजे त्या कोपऱ्यापर्यंत!"

"कोपऱ्यापर्यंत नेऊन नेऊनच तिची ही गत झालीय," मिस्त्री म्हणाला. "मी बसतो इथे, ओलीस. आणि जीपही आहे."

दलालाने जीपकडे पाहिलं, आणि ही ओलीस ठेवण्यापेक्षा न ठेवलेली बरी, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. बाईंनी तोवर जीपमधून आपली औषधांची पेटी, दोरखंड आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणून मागच्या बाजूला टाकायला सुरुवात केली होती.

"बाई, बूट नको! सीट कातडी आहेत हो!"

"कातडंच ना? माझी त्यांची जुनी ओळख आहे."

मास्तर पेट्रोलच्या गाडीतून उतरून शेडच्या खांबापाशी उभे होते. जावं की थांबावं हे न कळलेला माणूस जसा उभा राहतो तसे. बाईंनी त्यांच्यासमोर जाऊन हात पुढे केला आणि डिझेलची किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

"चला."

"मी?"

"चालवणार तुम्ही. हाडांच्या डॉक्टरने मला स्टिअरिंग धरू नका म्हणून सांगितलंय, ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. माझीही एक थाप होती."

"अगं, मी आयुष्यभर घर ते शाळा, एवढंच चालवलं. तो घाट, ती वळणं…"

"पस्तीस वर्षं पोरांना भागाकार शिकवलात. घाट शिकाल."

"आणि तुझी पाठ?"

"ती सीटवर टेकून येईल. तुम्ही खड्डे चुकवायचे. आठवड्यातून तीन दिवस वर, तीन दिवस खाली. दुखली तर मी सांगेन, आणि मी सांगितलं की तुम्ही थांबायचं. पण थांबायचं की नाही ते मी सांगेन." बाईंचा आवाज आता स्थिर होता. "एकतीस घरं आहेत. सगळ्या घरांना जायचं. प्रत्येक दारात आधी तुम्ही उतरायचं आणि काय झालं ते तुमच्या तोंडाने सांगायचं. मग मी पेटी घेऊन उतरेन."

मास्तरांनी चष्मा घातला.

"ते मला दारातही उभं करणार नाहीत," ते म्हणाले.

"नाही करणार कदाचित."

मास्तरांनी किल्ली मुठीत धरली. मग ते चालकाच्या बाजूला गेले, सीट पुढे घेतली, आरसे आपल्या उंचीला लावले, पट्टा बांधला. हे सगळं त्यांनी परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखं, एकेक नीट बघून केलं. बाई शेजारी बसल्या. मिस्त्रीने फाटक उघडलं. मास्तरांशी त्याची नजरानजर झाली तेव्हा मास्तरांनी मान खाली घातली नाही, एवढं बाईंनी पाहिलं.

गाडी हळूहळू फाटकापर्यंत आली आणि रस्त्याच्या तोंडाशी थांबली. समोरून एक ट्रक गेला, मग एक सायकल. रस्ता मोकळा झाला तरी मास्तर थांबलेच होते.

"पहिलं कुठलं घर?" त्यांनी विचारलं.

"ते मला काय विचारता? फोन तुम्ही घेतले होते."

मास्तरांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"मिस्त्रीच्या मेहुण्याचं," ते म्हणाले, आणि त्यांनी गाडी डोंगराच्या रस्त्याला वळवली.